सीटीसाठी कोपराचीच शीर आणि एवढी जाड सुई का?

कॉन्ट्रास्टचा (आतले अवयव, रक्तवाहिन्या फोटोत उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) सीटी स्कॅन म्हटलं की सिस्टर हाताच्या मागची बारीक शीर सोडून कोपराजवळची ठसठशीत शीर शोधायला लागतात, आधीची निळी कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी, रंगावरून जाडी कळते, निळी बारीक) चालू असली तरी बऱ्याचदा त्याहून जाड गुलाबी नाहीतर हिरवी नवीन टाकतात. पेशंटला वाटतं उगाच दोनदा टोचलं. वाटणारच, कारण कोणी सांगतच नाही, आणि ते सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१८९५ च्या शेवटी रॉंटगेननी क्ष-किरण शोधले आणि जानेवारी १८९६ मध्येच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत पाऱ्याचं संयुग असलेलं मिश्रण भरून फोटो काढला. वाहिन्या झकास दिसल्या, पण जिवंत माणसाला असलं काही टोचता येणार नव्हतं. पुढं सिफिलिसच्या पेशंटना सोडियम आयोडाइड देत असताना त्यांची लघवी एक्स-रेत दिसते हे मेयो क्लिनिकमध्ये लक्षात आलं, ते १९२३ ला छापून आलं आणि आयोडीनचा रस्ता सापडला. १९२९ ला जर्मनीत मोझेस स्विक यांच्या कामातून युरोसिलेक्टान आलं, शिरेतून द्यायचं आणि किडनीचा फोटो काढायचा. किडनी ते सावकाश गाळते त्यामुळे हाताने हळूहळू ढकललं तरी काम व्हायचं, घाई नव्हतीच.

मधे एक वाईट प्रकरण झालं, थोरोट्रास्ट. थोरियमचं औषध, देताना पेशंटला त्रास जवळजवळ नाही आणि फोटो सुंदर, म्हणून १९३० नंतर भरपूर वापरलं गेलं, पण ते किरणोत्सारी होतं आणि लिव्हर, प्लीहेत जन्मभर बसून राहायचं, वीस-तीस वर्षांनी कॅन्सर दिसायला लागले. टोचताना त्रास नाही म्हणजे औषध सुरक्षित, असं धरून चालणं लोकांना फार महागात पडलं.

आयोडीनवाल्या जुन्या औषधांचा त्रास वेगळा होता, ती रक्ताच्या पाचेक पट तीव्र असायची म्हणून धमनीत गेली की आग आग व्हायची. स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन यांनी १९६९ च्या सुमारास नॉन-आयोनिक, म्हणजे रक्तात विद्युतभारित कणांत न फुटणाऱ्या आणि म्हणून कमी तीव्र अशा औषधाची कल्पना मांडली, आज शिरेतून देतात ती बहुतेक त्याच घराण्यातली.

आता जाड सुईचं. १९७१ ला लंडनला हाउन्सफिल्ड यांच्या सीटी मशीनवर पहिल्या पेशंटचा मेंदू स्कॅन झाला तेव्हा एकेका स्कॅनला काही मिनिटं लागायची, मग औषध सलाईनसारखं सोडलं तरी चालायचं. १९९० च्या आसपास स्पायरल सीटी (मशीन फिरत असताना टेबलही सरकत राहतं असा) आला आणि एका श्वासात अख्खी छाती स्कॅन व्हायला लागली. रक्तवाहिनी औषधाने चमकते ती थोडेच सेकंद, तेवढ्यात फोटो घ्यायचा तर अँजिओग्राफीसाठी सेकंदाला ४-५ मिली औषध आत जायला पाहिजे, आणि हे औषध पाकासारखं चिकट (म्हणूनच ते ३७ डिग्रीपर्यंत कोमट करून घेतात) त्यामुळे अंगठ्याने हे जमतच नाही, प्रेशर इंजेक्टर लागतो. नळीचा व्यास निम्मा केला तर तोच वेग ठेवायला सोळा पट दाब लागतो, बारीक कॅन्युलाचा प्रश्न हाच. बारीक शीर एवढा जोर सहन करत नाही, फुटली की औषध मांसात पसरतं आणि हात सुजतो. म्हणून इंजेक्शन चालू असताना अंगभर गरम वाटलं तर घाबरायचं नाही, पण टोचलेल्या जागी दुखलं, ताण आला तर त्याच क्षणी ओरडून सांगायचं.

औषधामागून सलाईनचा दुसरा सिरिंज मारतात तो दंडाच्या शिरेत मागे राहिलेलं औषध पुढं ढकलायला.

एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध गॅडोलिनियम १९८८ ला बाजारात आलं, ते १०-१५ मिली पुरतं आणि वेगही कमी, त्यामुळे तिथं निळी कॅन्युला बहुतेक वेळा चालून जाते. पेट स्कॅनमध्ये (टोचलेलं किरणोत्सारी औषध पेशींत कुठे जमतं ते बघतात तो) तर टोचल्यावर तासभर शांत पडून राहायचं असतं, औषध पेशींत मुरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो, त्यामुळे तिथं वेगाचा प्रश्नच येत नाही.