कुत्र्याला धावायला थंडी हवी

दिवाळी उलटली की सोलापुरात पहाटे धावायला निघणारे वाढतात. संभाजी तलावाच्या कडेला, होटगी रस्त्याला, हिप्परग्याच्या बाजूच्या मुरमाड वाटांवर माणसं दिसू लागतात, आणि हल्ली त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात पट्टा असतो. कुणाबरोबर गावरान कुत्रा, कुणाबरोबर लॅब्रॅडॉर, एखाद्याबरोबर चक्क हस्की. मनालीच्या नाहीतर अलास्काच्या बर्फात मालकापुढे उधळत जाणारे कुत्रे मोबाईलवर पाहिले की वाटतं, आपलाही असाच धावेल. धावेलही. पण बर्फात तो कशाच्या जोरावर इतका पळतो हे समजलं, तर आपल्या माळावर त्याला केव्हा आणि किती पळवायचं हे ठरवता येतं. यात पायांच्या ताकदीपेक्षा उष्णतेचा हिशोब मोठा आहे.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा बहुतेक भाग शेवटी उष्णता होऊन अंगातच उरतो. वीस किलोचा कुत्रा ताशी ११ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या बऱ्यापैकी जोरकस धावण्याच्या वेगाने पळत असेल, तर त्याच्या शरीरात साधारण ३०० वॅट उष्णता तयार होत असते. ही उष्णता बाहेर पडायला वाटच नाही असं घटकाभर समजा. मग त्याच्या अंगाचं तापमान दर चार मिनिटांना जवळपास एक अंशाने चढेल. निरोगी कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ अंशांच्या पुढे धोका सुरू होतो. म्हणजे उष्णता कोंडली गेली तर धोक्याची रेषा गाठायला दहा मिनिटंही पुरतात. प्रत्यक्षात ती सतत बाहेर पडत असते म्हणून कुत्रा तासन् तास पळू शकतो. सगळा प्रश्न ती किती वेगाने बाहेर पडते हाच आहे.

माणसाच्या कातडीत घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. सगळ्या अंगावर पाणी येतं, ते उडतं आणि आपण थंड होतो. कुत्र्याला ही सोय जवळजवळ नाहीच. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजाच्या गाद्यांना, आणि अंग गार करायला तो अगदीच अपुरा. त्याची सारी भिस्त नाक, जीभ आणि तोंडाच्या ओल्या अस्तरावर.

या धापा टाकण्यात मोठी कारागिरी आहे. तापलेला कुत्रा श्वासाचा वेग हळूहळू वाढवत नेत नाही, तो एकदम मिनिटाला तीनशेच्या घरात जातो. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून याचं कारण पुढे आलं. कुत्र्याच्या छातीची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या जवळपास तेवढीच असते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर हलका धक्का दिला की तो थोड्या जोरात मोठा झोका घेतो, तसं इथे होतं. स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत, त्यामुळे धापा टाकताना नवी उष्णता फारशी तयार होत नाही. पुढे १९७० मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि बरीचशी तोंडाने बाहेर सोडतो. नाकातून परत सोडली असती, तर ओल्या अस्तराने तिच्यातली काही उष्णता आणि वाफ पुन्हा आत ओढून घेतली असती. तोंडाचा मार्ग धरल्यामुळे ती बाहेर जाते. म्हणूनच तोंड आवळून धरणारी कापडी पट्टी बांधून कुत्र्याला पळवणं मला अघोरी वाटतं. आपण त्याची गार होण्याची मुख्य वाट बंद करत असतो.

आता पाण्याचा हिशोब. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता जाते. वर सांगितलेली सगळी उष्णता फक्त वाफेवाटे घालवायची म्हटलं, तर त्या कुत्र्याला तासाला जवळपास साडेचारशे मिलिलिटर पाणी लागेल. सोलापूरची हवा कोरडी आहे, ही इथे मोठी जमेची बाजू. मुंबईच्या दमट हवेत वाफ उडायला तयार नसते, इथे ती चटकन उडते. पण उडालेलं पाणी भरून द्यावं लागतं. स्वतःसाठी बाटली घेऊन निघणारे पुष्कळ दिसतात, कुत्र्यासाठी वाटी घेतलेले फार थोडे.

बर्फात हे चित्र पालटतं. हवा उणे १५ अंश असेल, तर कुत्र्याचं अंग आणि हवा यांत पन्नास अंशांहून जास्त फरक असतो. नुसत्या श्वासाने, उघड्या जिभेने, विरळ केसांच्या पोटाने आणि मांड्यांच्या आतल्या बाजूने उष्णता झपाट्याने वाहून जाते, पाणी फारसं खर्चावं लागत नाही. बर्फावरची घसरगाडी ओढणारे कुत्रे धावता धावता बाजूच्या बर्फाचा लचका तोडतात. तेही गार होण्याच्या कामी येतं. शंभर ग्रॅम बर्फ वितळून अंगाच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ५० किलोज्यूल उष्णता घेतो, म्हणजे आपल्या वीस किलोच्या कुत्र्याची जवळपास पावणेतीन मिनिटांची कमाई. मात्र धावणं थांबलं की हाच बर्फ अंगावर उलटतो. उष्णता तयार होणं मंदावतं, तिची गळती चालूच राहते. म्हणून तिथे थांबताना कुत्र्याच्या अंगावर जाकीट आणि खाली गवताचं अंथरूण घालतात.

थंडीने मोकळा केलेला कुत्रा काय करू शकतो याची जुनी साक्ष १९२५ ची आहे. अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे १५० कुत्र्यांनी आणि २० चालकांनी टप्प्याटप्प्याने १,०८० किलोमीटरहून अधिक अंतरावरून साडेपाच दिवसांत घटसर्पावरचं प्रतिविष पोहोचवलं. आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उणे १० ते उणे ३५ अंशांत शर्यतीत गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची ऊर्जा मोजली गेली. दिवसाला ११ हजार किलोकॅलरींच्या पुढे! ते कुत्रे मध्यम आकाराचेच होते, आपल्या लॅब्रॅडॉरपेक्षा बहुधा हलके. एवढी ऊर्जा जाळणारं शरीर आपल्या मे महिन्यात काही मिनिटांत होरपळून जाईल.

मग बर्फात त्यांचे पाय गारठून का जात नाहीत? १९७२ मध्ये आर्क्टिक लांडगा आणि कोल्हा यांचे पंजे उणे ३५ अंशांच्या द्रवात बुडवून पाहिले गेले. पंजाची त्वचा गोठण्याच्या बिंदूच्या जेमतेम वर टिकून राहिली. एक अंशही जास्त नाही, म्हणजे ऊर्जेची उधळपट्टी नाही. पुढे जपानी संशोधकांनी २०११ मध्ये घरगुती कुत्र्याच्या पंजाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. गादीत उतरणाऱ्या रोहिणीभोवती बारीक नीलांचं जाळं गुंडाळलेलं असतं. खाली जाणारं गरम रक्त आपली ऊब वर येणाऱ्या गार रक्ताला देतं, त्यामुळे अंगाची ऊब पायाशी जाऊन वाया जात नाही. ही रचना सोलापुरातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यातही असते. तरी बर्फात पंजांना दुसरा त्रास होतोच. बोटांमधल्या केसांवर बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, त्याच्या गोळ्या होतात आणि कातडी सोलून निघते. त्यासाठी कापडी मोजे घालतात.

भुसभुशीत बर्फात खरे हाल माणसाचे होतात. १९७६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी हे मोजलं. डांबरी रस्त्यावर चालण्याचा खर्च १ धरला, तर मोकळ्या वाळूत तो २.१ होतो, पाय १५ सेंटिमीटर रुतणाऱ्या बर्फात २.५ आणि ३५ सेंटिमीटर रुतत असेल तर ४.१. स्नोशू या पसरट तळव्यांच्या सपातांचं काम एवढंच, की वजन मोठ्या जागेवर वाटायचं आणि पाय कमी रुतू द्यायचा. हिमालयात असे चालणारे कुत्र्याला मागे, दाबल्या गेलेल्या वाटेवर ठेवतात. छातीभर बर्फात उड्या मारत तो फार लवकर थकतो.

आता आपल्या माळावर येऊ. डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात किमान तापमान सरासरीने १५-१६ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी पारा ३० ला भिडतो. कोरडी हवा, निरभ्र आकाश, त्यामुळे जमीन रात्रभर आपली उष्णता वर फेकत राहते आणि सर्वांत गार वेळ येते ती सूर्य उगवण्याच्या सुमाराला. जड गार हवा ओढ्याच्या पात्रात, तलावाखालच्या खोलगट शेतांत साचते. हुरड्याला आलेल्या ज्वारीच्या पांदणीतून जाताना अंगाला जे दोन-तीन अंश जास्त बोचतात, ते यामुळेच. कुत्र्यासाठी अलास्काशी नातं सांगणारा आपल्याकडचा काळ तो हाच, उजाडण्याआधीच्या तासापासून पुढे जेमतेम दीड-दोन तास. संध्याकाळ फसवी असते. हवा सुखद वाटते, पण डांबर आणि काँक्रीट दिवसभराची उष्णता सोडत असतं आणि कुत्र्याचं पोट त्या रस्त्यापासून हात-दीड हातावर असतं. हाताचा उलटा पंजा सात सेकंद टेकवता आला नाही, तर तिथे त्याला पळवू नये.

जातीचाही फरक पडतो. १८४७ मध्ये कार्ल बर्गमन यांनी मांडलं की थंड प्रदेशातले प्राणी मोठ्या, गोळीबंद शरीराचे असतात. १८७७ मध्ये जोएल असाफ अॅलन यांनी सांगितलं की त्यांचे कान, पाय, शेपूट आखूड असतात. आपल्या पट्ट्यातले कारवानी आणि पश्मी पाहिले की हे नियम उलट्या बाजूने दिसतात: लांब पाय, सडपातळ कूस, पातळ कातडी, म्हणजे वजनाच्या मानाने उष्णता सोडायला भरपूर पृष्ठभाग. पण हे ससा गाठणारे कुत्रे, त्यांचं बळ छोट्या झेपेत आहे. त्यांच्या दूरच्या भाऊबंदांत, ग्रेहाउंडमध्ये, मिनिटाभराच्याही नसलेल्या शर्यतीनंतर तापमान ४१ अंशांना टेकतं. त्यामुळे कारवान्याला खुल्या माळावर दोन-तीन झेपा घेऊ देऊन बाकी वेळ दुडक्या चालीने नेणं बरं. हस्कीला इथे वर्षातले मोजकेच पहाटेचे दिवस मानवतात. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला पळवूच नये, धापा टाकण्याची यंत्रणाच तिथे अपुरी आहे.

बर्फाच्या गोळ्या आपल्याकडे नसल्या तरी कुसळं आहेत. डिसेंबरात माळावरचं गवत वाळतं आणि कुसळाच्या बियांना पिळदार शेपट्या असतात. दवाने भिजलं की हा पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी जमिनीत रुतत जातं. बोटांच्या बेचक्यात किंवा कानात अडकलं तर तिथेही ते आत सरकतं. टोकाचे केस मागे वळलेले असल्याने माघारी येत नाही. घरी आल्यावर चारही पंजे बोटं फाकवून, कान उलटून पाहायला दोन मिनिटं लागतात. सराटे निदान लगेच टोचतात आणि कुत्रा लंगडून सांगतो. कुसळ काही दिवसांनी, गळू झाल्यावर कळतं.

एका ठिकाणी मात्र कुत्रा नेऊच नये: नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि त्याला लागून असलेल्या गवताळ पट्ट्यात. तिथे लांडगे आहेत. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार आणि रेबीज लांडग्यांना होतो, आणि मोकळा कुत्रा जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचा काळ ठरतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. बर्फात कुत्रा आपल्याला हरवतो, पण उन्हात आपण त्याला हरवतो, कारण आपली गार होण्याची यंत्रणा सरस आहे. आणि कुत्रा हे कबूल करत नाही. मालक पुढे चालला आहे तोवर तो मागे राहत नाही. ब्रिटनसारख्या थंड देशात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुत्र्यांच्या उष्माघाताच्या दर चारपैकी सुमारे तीन घटनांना व्यायामच कारणीभूत होता. बंद गाडीचा वाटा त्या मानाने फारच थोडा होता. तेव्हा थांबायचं केव्हा हे आपणच ठरवायचं. जीभ टोकाशी रुंद पसरली, लाळ घट्ट आणि चिकट झाली, सावली दिसली की तो तिकडे ओढू लागला, तर धावणं तिथेच संपवायचं. हिरड्या लालभडक दिसत असतील, चाल अडखळत असेल, उलटी झाली, हाक मारूनही लक्ष देत नसेल, तर हा उष्माघात आहे. जवळ जे पाणी असेल, विहिरीचं, टाकीचं, नळाचं, ते लगेच भरपूर अंगावर ओतावं आणि वारा घालावा. फार गार पाणी ओतू नये हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. शुद्धीवर असेल तर पिऊ द्यावं, घशात ओतू नये. ओली चादर अंगावर झाकून ठेवू नये, तिच्याखाली उष्णता कोंडते. आधी गार करायचं आणि मगच गाडीत घालून पशुवैद्यकाकडे न्यायचं. तो उठून शेपूट हलवू लागला तरी न्यायचं, कारण मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा पुढच्या एक ते तीन दिवसांत वर येऊ शकते.