जुन्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी बसवणे

जुन्या डेस्कटॉप संगणकातील हार्ड डिस्कच्या जागी किंवा तिच्या जोडीला सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, बसवण्याची सुधारणा. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर सारे जुनेच राहते.

बटण दाबून चहा टाकायला जावे आणि चहा पिऊन आल्यावरही माउसशेजारचे चक्र फिरतच असावे, यात प्रोसेसरचा दोष बहुधा नसतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, तरी हवी ती जागा हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी ४.२ मिलिसेकंद जातात. हेडला योग्य वर्तुळावर सरकायला लागणारा वेळ वेगळाच. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली इकडून तिकडून उचलते आणि दर वेळी ही खोटी होते. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने तीच माहिती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळते.

म्हणूनच ‘माझा बोर्ड जुना, त्यावर एसएसडीचा काय उपयोग?’ ही शंका फारशी खरी नाही. उदाहरणार्थ, २०११ च्या इंटेल एच६१ चिपसेटमधील (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपमधील) साटा पोर्ट, म्हणजे ड्राइव्ह जोडायच्या जागा, सेकंदाला ३ गिगाबिटचे आहेत. आजची ६ गिगाबिटची एसएसडी त्यांवर निम्म्या वेगाने, सेकंदाला २५०-२८० मेगाबाइटने चालते. हा तोटा एखादा मोठा व्हिडिओ कॉपी करताना जाणवतो, ब्राउझर उघडताना नाही. एनव्हीएमई या साटाहून वेगवान प्रकारच्या एसएसडीच्या मोहात मात्र पडू नये: अडॅप्टर लावून ती बसते, पण जुने बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरील सॉफ्टवेअर, तिच्यावरून सहसा बूट करत नाही. अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी.

साडेतीन इंची खणासाठी ब्रॅकेट मिळतो. नसला तर दुकानदार दुहेरी टेपने ती कॅबिनेटला चिकटवतात. दिसायला गबाळे, पण हलणारा भाग नसल्याने बिघडत काही नाही. केबलच्या कनेक्टरची खाच इंग्रजी ‘एल’सारखी असते, उलटा दाबला तर ड्राइव्हवरची प्लॅस्टिकची जीभ तुटते.

जुनी विंडोज क्लोन करायची, म्हणजे जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायची, असेल तर आधी बॅकअप घ्यावा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, नाहीतर संगणक तिच्यावरूनच सुरू होतो आणि माणूस एसएसडीला नावे ठेवत बसतो. बायोसमध्ये साटाचा मोड (ड्राइव्हशी बोलण्याची पद्धत) जुना आयडीई असल्यास त्याऐवजी नवा एएचसीआय हवा. पण विंडोजमध्ये त्याची तयारी न करता तो बदलला की विंडोज सुरू न होता चुकीचा निळा पडदा येतो. कोरे इन्स्टॉलेशन करणाऱ्याने तो आधीच बदलावा. रिकाम्या झालेल्या जागेची ड्राइव्हला खबर देणारी ट्रिम सोय विंडोज ७ पासून आहे. एक्सपीत ती नाही.

रॅम २ जीबीच असेल तर आधी ती वाढवावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि एवढ्या जुन्या प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे अशा डब्यात एसएसडीबरोबर लिनक्स टाकणे सोयीचे पडते.