गरम झाली की विसरते: मेमरीच्या जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

टेबलावर दिवसभर नीट चालणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड तापमान वाढवताच मेमरीच्या चुका दाखवू लागतो, तेव्हा संशय आधी चिपवर जातो. पण हे दुखणं चिपपेक्षाही जुनं आहे.

युनिव्हॅक या सुरुवातीच्या काळातल्या संगणकात माहिती पाऱ्यातून ध्वनिलहरींच्या रूपात फिरायची. ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो, म्हणून पारा ४० अंश सेल्सियसला राखत. पुढे फेराइट कड्यांची कोअर मेमरी आली. कडी तापली की कमी प्रवाहातही तिचं चुंबकत्व उलटतं. आयबीएम १६२० मध्ये कोअर सुमारे ४१ अंशांपर्यंत तापेस्तोवर अर्धा तासही थांबावं लागे. आयबीएमच्याच ७०९० या संगणकात ती कोमट तेलातच बुडवलेली असे. म्हणजे तापमान स्थिर राखणं हे यंत्र बनवणाऱ्याचंच काम होतं.

रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये सुचवलेल्या डीरॅममध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या मुख्य मेमरीत, एक बिट म्हणजे कॅपॅसिटर या भार साठवणाऱ्या सूक्ष्म घटकातला चिमूटभर विद्युतभार. तो गळतो, आणि ढोबळमानाने दर दहा अंशांना गळती दुप्पट होते. म्हणूनच डीडीआर३ आणि डीडीआर४ या डीरॅमच्या पिढ्यांमध्ये ८५ अंशांपर्यंत ६४ मिलिसेकंदांत बिट्सच्या सगळ्या ओळी रिफ्रेश कराव्या लागतात, म्हणजे त्यांतला भार पुन्हा भरावा लागतो, त्यापुढे ३२ मध्ये. उलट थंडीत भार टिकतो: २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी चिप गोठवून, वीज काढल्यावरही काही मिनिटांनी त्यातली माहिती वाचून दाखवली.

त्यामुळे थंडीत येणाऱ्या चुकांचा दोष गळतीला देता येत नाही. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण खरा बदल इथेच दडला आहे. सेकंदाला १६०० मेगाट्रान्सफर, म्हणजे दर तारेवर १६० कोटी बिट, वाहणाऱ्या डीडीआर३ मध्ये एका बिटच्या वाट्याला जेमतेम ६२५ पिकोसेकंद येतात. मेमरी चालवणारा कंट्रोलर सुरू होताना, त्या क्षणीच्या तापमानाला, वाचायची-लिहायची वेळ जुळवून घेतो; यालाच ट्रेनिंग म्हणतात. नंतर बोर्ड तापला वा गारठला की ती वेळ सरकते. आउटपुटचा रोधही बदलतो. तो पुन्हा जुळवण्यासाठी चिपला २४० ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रोधक जोडतात. तापमान सांभाळण्याचं ओझं असं हळूहळू बोर्ड आखणाऱ्याकडे आलं.

म्हणून गरम बोर्डवर पहिली चाचणी साधी असावी: रिफ्रेशचा कालावधी निम्मा करा. चुका थांबल्या, तर गळतीवर संशय घ्या. तशाच राहिल्या, तर त्याच तापमानाला ट्रेनिंग पुन्हा चालवा. त्याने चुका गेल्या, तर ट्रॅकची (बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांची) लांबी, टर्मिनेशन (सिग्नल परावर्तित होऊ नये म्हणून टोकाला दिलेला रोध) आणि वीजपुरवठा तपासायला घ्या.