खुर्ची मिळाली की मुख्याध्यापक बिघडतोच का?

अधिकार मिळताच सज्जन शिक्षकही हुकूमशहा होतो, या समजाला १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग-प्रयोगाचा आधार दिला जातो; त्यात विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि कैदी अशा भूमिका दिल्या होत्या आणि काही पहारेकरी लवकरच क्रूर वागू लागले. परंतु त्यातील पहारेकऱ्यांना कठोर वागण्याच्या सूचना दिल्या गेल्या होत्या, हे पुढे ध्वनिमुद्रणांतून उघड झाले, आणि २००२ मध्ये प्रसारित झालेल्या बीबीसीच्या तशाच प्रयोगात पहारेकरी अधिकार गाजवायलाच कचरले. म्हणजे खुर्ची माणसाला आपोआप बिघडवत नाही. मुख्याध्यापक कोणाला उत्तरदायी आहे, हे मला अधिक निर्णायक वाटते. ज्याला केवळ वरिष्ठांनाच जाब द्यायचा असतो, तो तपासणीच्या आदल्या दिवशी हजेरीपट नीटनेटके करून घेतो, पण पालकाचा तक्रारअर्ज टेबलावर तसाच पडून राहतो. त्याच अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देणे बंधनकारक केले, तर तोच माणूस वेगळा वागू शकतो.