पुरुष हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या आल्या कुठून

केस गळतात म्हणून एक मिलिग्रॅमची फिनास्टेराइड घेणारा नातू आणि प्रोस्टेट वाढलं म्हणून पाच मिलिग्रॅमची घेणारे आजोबा, दोघांच्या गोळीत औषध एकच. फरक फक्त डोसचा. ती गोळी कुठून आली ते सांगतो, पण त्यासाठी बरंच मागे जावं लागेल.

गोऱ्हा खच्ची केला की गरीब बैल होतो, नाही केला तर मोठ्या वशिंडाचा, अंगावर येणारा वळू, हे शेतकऱ्याला कधीपासूनच माहीत. पण अंडकोषातून अंगभर पोचतं कसं काय, हे बघायला १८४९ उजाडलं. जर्मनीत ग्योटिंगेनला बर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकाने कोंबडे खच्ची केले, काहींचा अंडकोष काढून पोटात भलत्याच जागी, आतड्याजवळ बसवला. जुने मज्जातंतू तुटलेले, तरी त्यांचे तुरे वाढले, आरवणं आणि भांडणं पण तशीच चालू. म्हणजे जे काय जातंय ते रक्तातून जातंय! हा इतका साधा प्रयोग पण पुढची कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कोणी बघितलंच नाही.

त्यापेक्षा गाजावाजा झाला तो १८८९ मध्ये पॅरिसला, बाहात्तर वर्षांच्या ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या अंडकोषाचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झाल्यासारखं वाटतंय म्हणून जाहीर केलं. आज बघितलं तर तो मनाचाच खेळ, कारण पाण्यात काढलेल्या अर्कात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुष हार्मोन, उतरतच नाही म्हटलं तरी चालेल, शिवाय अंडकोष ते साठवूनही ठेवत नाहीत.

साठवत नाहीत म्हणूनच शुद्ध स्वरूपात काढायला इतका त्रास. १९३१ मध्ये बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बर्लिनच्या पोलिसांची लघवी गोळा करवली, जवळपास १५ हजार लिटर, आणि त्यातून अँड्रोस्टेरॉन नावाचं एक पुरुष हार्मोन मिळालं १५ मिलिग्रॅम. चिमूटभर सुद्धा नाही. खरं टेस्टोस्टेरॉन १९३५ ला अॅमस्टरडॅममध्ये वळूंच्या अंडकोषांतून निघालं आणि त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते आपापल्या परीने, स्वतंत्रपणे, कोलेस्टेरॉलपासून बनवूनही दाखवलं.

आता अडवायची बाजू. शिकागोच्या डॉक्टर हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं की पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये अंडकोष काढले किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री हार्मोन दिलं तर आजार मागे हटतो. नोबेल मिळालं १९६६ ला. पुढे मेंदूतून पिट्युटरीला, म्हणजे अंडकोषांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीला, जाणारा हार्मोन सापडला, त्याच्यासारखं ल्युप्रोलाइड हे औषध १९८५ च्या सुमारास आलं, आणि याची गंमत अशी की ते देत राहिलं की पिट्युटरी थकून गप्प बसते, पण त्याआधी आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. मणक्यात गाठ असेल तर तेवढा भडका पण महागात पडतो, म्हणून आधी काही दिवस बायकॅल्युटामाइडची गोळी सुरू करतात, जी रिसेप्टरवर, म्हणजे पेशीत हार्मोन जिथे चिकटतो त्या जागेवर, जाऊन बसते आणि हार्मोनला जागाच देत नाही.

फिनास्टेराइडची वाट मात्र एकदम वेगळी. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची, म्हणून मुली म्हणूनच वाढवलेली, आणि वयात आली की आवाज फुटायचा, अंग भरायचं, मुलगा दिसायला लागायचा. इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये कारण मांडलं: टेस्टोस्टेरॉन आहे, पण त्याचं डीएचटी, म्हणजे त्याहून जोरकस पुरुष हार्मोन, करणारं एन्झाइम कमी. या पुरुषांचं प्रोस्टेट लहानच राहायचं आणि टक्कलही पडत नव्हतं. मर्क कंपनीने तेच एन्झाइम अडवणारं औषध, म्हणजे फिनास्टेराइड, शोधलं, ते बाजारात आलं १९९२ ला प्रोस्टेटसाठी, १९९७ ला केसांसाठी. आणि म्हणूनच गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळू नये असं सांगतात, पोटात मुलगा असेल तर त्याच्या बाबतीत तेच व्हायची भीती.

कॅन्सरवाल्या औषधांचं एक कोडं राहिलं होतं. फ्लुटामाइड (बायकॅल्युटामाइडसारखंच रिसेप्टर अडवणारं औषध) बरेच महिने चाललेल्या काही पेशंटांचा पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेट कॅन्सरचा निर्देशांक, वाढायला लागायचा, आणि गोळी बंद केली की चक्क खाली यायचा. १९९३ च्या आसपास हे नीट नोंदलं गेलं. रिसेप्टर बदलला होता, अडवायला घातलेलं औषधच आता त्याला चावीसारखं लागत होतं. तसल्या रिसेप्टरवरही टिकेल असं औषध शोधता शोधता एन्झालुटामाइड निघालं, ते २०१२ ला बाजारात आलं.