दिव्या देशमुख जगज्जेती आहे का? विश्वचषक वेगळा, जगज्जेतेपद वेगळं

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि 'दिव्या जगज्जेती'चे संदेश फिरू लागले. तिनं जिंकला होता बुद्धिबळाचा महिला विश्वचषक. जगज्जेतेपद त्या दिवशीही चीनच्या जू वेनजुनकडेच होतं.

घोळ होतो तो क्रिकेटमुळे. १९८३ मध्ये कपिलच्या संघानं चषक उचलला आणि आपण जगज्जेते झालो. तिथे दोन्ही एकच. बुद्धिबळात मात्र जगज्जेतेपद एका माणसाकडे असतं आणि ते त्याच्यासमोर पटावर बसूनच काढून घ्यावं लागतं. (तो स्वतःहून सोडून गेला तर गोष्ट निराळी. नॉर्वेच्या जगज्जेत्या कार्लसननं तेच केलं.)

विश्वचषक ही बाद फेऱ्यांची स्पर्धा. प्रत्येक फेरीत क्लासिकलचे, म्हणजे भरपूर वेळेचे, दोन डाव, बरोबरी झाली तर कमी वेळेचे रॅपिड, मग त्याहून झटपट ब्लिट्झ. हरला तो घरी. पहिले तिघे जातात 'कँडिडेट्स'मध्ये. तिथे आठ जण भिडतात आणि जिंकेल तो आव्हानवीर. म्हणजे विश्वचषक जिंकूनही जगज्जेतेपदापर्यंत अजून दोन पायऱ्या उरतात.

गुकेशचा प्रवास पाहिला की हे नीट उलगडतं. २०२३ च्या विश्वचषकात तो उपांत्यपूर्व फेरीत कार्लसनकडून हरला. कँडिडेट्सचं दार त्याला वर्षभरातल्या स्पर्धांच्या गुणांवर उघडलं. एप्रिल २०२४ मध्ये टोरंटोत तो पहिला आला आणि १२ डिसेंबरला सिंगापूरमध्ये, शेवटच्या चौदाव्या डावात, तेव्हाचा जगज्जेता, चीनच्या डिंग लिरेनचा हत्ती चुकला. साडेसात-साडेसहा. अठराव्या वर्षी जगज्जेता, आणि विश्वचषक एकदाही जिंकलेला नाही! पुढच्या वर्षी गोव्यात २०६ खेळाडूंचा विश्वचषक झाला, त्यात हाच जगज्जेता तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरून बाहेर पडला. किताबाला धक्का लागला नाही. चषक नेला उझबेकिस्तानच्या सिंदारोवनं; त्या चषकानं जगज्जेता तोही झाला नाही.

तरीही दिव्याला जगज्जेती म्हणणाऱ्यांना मी फार हसणार नाही, कारण हा गोंधळ फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनंच, वाढवून ठेवला. २००० मध्ये तेहरानला आनंद जगज्जेता झाला तो बाद फेऱ्यांच्याच स्पर्धेत. त्याच वर्षी चीनमध्ये त्यानं विश्वचषकही जिंकला होता, ती स्पर्धा वेगळी! महिलांमध्ये तर २०१८ पर्यंत बाद फेऱ्यांच्या स्पर्धेतूनही थेट जगज्जेती ठरायची. महिला विश्वचषक सुरू झाला तो २०२१ मध्ये. म्हणजे बाटुमीसारखंच यश दिव्यानं २०१८ मध्ये मिळवलं असतं, तर तो किताब तिचाच होता.

बाटुमीनं तिला दिलं ते थोडं नाही: एकही नॉर्म (या किताबासाठी एरवी स्पर्धांमधून मिळवावा लागणारा टप्पा) नसताना थेट ग्रँडमास्टर किताब आणि कँडिडेट्सची जागा. आणि जगज्जेती म्हणायचीच हौस असेल, तर २०२४ मध्ये गांधीनगरला ती वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली होती. तेव्हाचे संदेश आता पाठवायला हरकत नाही.