पोस्ट की जेल-ओ? १९६३च्या बेसबॉल कार्डांतली लाल रेघ

जुन्या अमेरिकन बेसबॉल कार्डांच्या विक्रीत ‘१९६३ पोस्ट/जेल-ओ’ असे मोघम वर्णन मी इतक्या वेळा वाचले आहे की, त्या तिरक्या रेघेचा आता उबग आला आहे. पोस्ट हा न्याहारीच्या सीरियलचा (दुधात घालून खायच्या कोरड्या धान्यपदार्थाचा) आणि जेल-ओ हा जेलीचा अमेरिकन ब्रँड, आणि त्यांच्या खोक्यांवर छापलेले खेळाडूंच्या कार्डांचे हे दोन वेगळे संच आहेत. विकणाऱ्याला आपल्याजवळ कोणते कार्ड आहे ते ठाऊक नसेल, तर त्याने तसे सांगावे. आणि ठाऊक असूनही दोन्ही नावे लिहिली असतील, तर दुर्मीळ नावाची, म्हणजे जेल-ओची, किंमत नेहमीच्या कार्डाला लावण्याचा तो प्रकार आहे. शिवाय ओळख पटवायला लागतात ते दोन क्षण आणि उघडे डोळे, म्हणून या ढिलाईचा राग अधिक येतो.

पोस्टची कार्डे बहुतेक संग्राहकांच्या परिचयाची आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी थोडक्यातच सांगतो. १९६१, १९६२ आणि १९६३ अशी सलग तीन वर्षे पोस्टच्या सीरियलच्या खोक्यांवर दर वर्षी २०० खेळाडूंची कार्डे छापली गेली. खोके रिकामे झाले की मुले ती कात्रीने कापून घेत. कार्ड आडवे, एका बाजूला रंगीत छायाचित्र व आकडेवारी, आणि पाठ कोरी. त्या काळी बाजारावर टॉप्स या कार्ड-कंपनीचे राज्य होते. परंतु खेळाडूंशी असलेले टॉप्सचे करार च्युइंग गम आणि मिठाईच्या धंद्याभोवती बांधलेले असल्यामुळे सीरियलच्या खोक्याला वाट मोकळी राहिली. (१९६३मध्ये फ्लिअर या प्रतिस्पर्धी कंपनीने गमऐवजी बिस्किट घालून हीच वाट शोधून पाहिली आणि त्यांचा संच ६७ कार्डांवर थांबला.) जेल-ओ हा पोस्टप्रमाणेच जनरल फूड्सच्या घरातला माल. त्यामुळे तीच छायाचित्रे आणि तोच मजकूर या जेलीच्या पुड्याच्या खोक्यांवरही छापणे कंपनीला सहज शक्य होते, आणि १९६२ व १९६३ या दोन वर्षी तिने तसे केले. १९६१चे जेल-ओ कार्ड असे काही अस्तित्वातच नाही. कोणी देऊ केले तर नम्रपणे नकार द्यावा.

१९६२च्या कार्डांत गोंधळाला जागा नाही. पोस्टच्या कार्डावर कंपनीचे लाल लंबगोल बोधचिन्ह आहे आणि आकडेवारीभोवती रंगीत चौकट आहे. जेल-ओच्या कार्डावर या दोन्ही गोष्टी नाहीत. जेल-ओचा हा संच अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागापुरताच निघाला आणि त्यात १९७ कार्डे आहेत, कारण ब्रुक्स रॉबिन्सन (क्रमांक २९), टेड क्लुझ्युस्की (८२) आणि स्मोकी बर्जेस (१७६) त्यात आलेच नाहीत. एवढे लक्षात ठेवले की १९६२चा विषय संपतो. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या अंकात मिकी मँटल आणि रॉजर मॅरिस या खेळाडूंची जोडकार्डे आली होती. तीही पोस्टचीच असली, तरी त्यांचा कागद पातळ असून कडेला पांढरी जागा आहे. त्यांना जेल-ओ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मी वेळ दवडत नाही.

खरी पंचाईत १९६३ची आहे. दोन्ही संच २०० कार्डांचे, मांडणी सारखी, आणि आदल्या वर्षीसारखे चटकन नजरेत भरणारे चिन्ह येथे मदतीला येत नाही. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक जण मोजपट्टी काढतो, कारण कुठेतरी वाचलेले असते की पोस्टचे कार्ड साडेतीन इंच रुंद आणि अडीच इंच उंच असते, तर जेल-ओची उंची तेवढीच असून रुंदी सव्वातीन इंच असते. माहिती खरी आहे, पण तिच्यावर बेतलेला निष्कर्ष बहुधा चुकतो. ही कार्डे छापखान्यातून कापून आलेली नाहीत. ती कोणा आठ-दहा वर्षांच्या मुलाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, हाताला लागेल त्या कात्रीने कापलेली आहेत. पोस्टच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंनी एकेक अष्टमांश इंच जास्त कापला गेला की त्याची रुंदी सव्वातीन इंच भरते, आणि मोजपट्टीवाला संग्राहक जेल-ओ गवसल्याच्या आनंदात जादा पैसे मोजून मोकळा होतो. चारही बाजूंची छापील कडेची रेघ शाबूत दिसत असेल, तरच मापाला पुरावा म्हणता येईल. आणि अशी कार्डे मुळात थोडी.

म्हणून पाहायचे ते आकडेवारीकडे. १९६२च्या हंगामाचे आकडे एका ओळीत आणि संपूर्ण कारकिर्दीचे आकडे दुसऱ्या ओळीत असून, या दोहोंच्या मध्ये एक आडवी लाल रेघ आहे. पोस्टच्या कार्डावर ती आकड्यांच्या दोन्ही बाजूंना बरीच पुढे जाऊन कार्डाच्या कडांपर्यंत जवळजवळ पोचते. जेल-ओच्या कार्डावर ती आखूड असून आकड्यांच्या लगतच सुरू होते आणि लगतच संपते. रेघ कार्डाच्या आत असल्यामुळे कात्रीने ती लांब होत नाही, आणि तिचे आकड्यांशी असलेले नाते विक्रीच्या बऱ्यापैकी छायाचित्रातही दिसते. सातासमुद्रापलीकडून पुण्यात किंवा नागपुरात कार्ड मागवणाऱ्याला मोजपट्टी तशीही लावता येत नाही.

येथेही एक खाचखळगा आहे, आणि रेघेची खूण माहीत असलेलेसुद्धा त्यात पाय घालतात. रेघ ‘कडेपर्यंत पोचते का’ हा प्रश्न स्वतःला विचारू नये. ‘आकड्यांच्या पुढे किती जाते’ हाच विचारावा. जेल-ओचे कार्ड बाजूंनी अगदी आतून कापले असेल, तर तिथली आखूड रेघही कडेला भिडल्यासारखी दिसते आणि अस्सल जेल-ओ पोस्ट म्हणून स्वस्तात निघून जाते. उलट, भोवती भरपूर पुठ्ठा सोडून कापलेल्या पोस्टच्या कार्डावर लांब रेघही कडेपासून दूर राहते. कड ही कात्रीच्या मर्जीवर आहे, आकडे जागचे हलत नाहीत. शंका वाटल्यास ज्याविषयी खात्री आहे असे पोस्टचे एक साधे कार्ड शेजारी ठेवून दोन्हींच्या रेघा आकड्यांच्या संदर्भात पाहाव्यात. अशा तुलनेसाठी कोणत्याही किरकोळ खेळाडूचे फाटके कार्ड चालते, आणि ते प्रत्येक संग्राहकाने जवळ बाळगावे असे माझे आग्रहाचे मत आहे.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पुठ्ठ्याच्या रंगावरून किंवा छपाईच्या गडदपणावरून निवाडा करणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही. साठ वर्षांच्या उन्हाने आणि ओलीने दोन्हींचे रंग बिघडवले आहेत. पाठ कोरी म्हणजे कार्ड नकली, हा समज तर निव्वळ अज्ञान आहे. पोस्टची १९६१ची पातळ कार्डेही नकली नव्हेत. खोक्यांवरील जाड कार्डांखेरीज कंपनीने टपालाने पाठवलेल्या तावांवरचीही कार्डे त्या वर्षी होती.

दुर्मीळतेचा हिशेबही येथे टॉप्सपेक्षा निराळा आहे. एखादे कार्ड किती उरले हे खेळाडूच्या कीर्तीवर अवलंबून नसून, ते ज्या खोक्यावर छापले होते तो माल किती खपला यावर अवलंबून आहे. न खपणाऱ्या सीरियलच्या किंवा जेलीच्या नावडत्या स्वादाच्या खोक्यावर आलेला सामान्य खेळाडू आज एखाद्या नामांकित खेळाडूपेक्षा महाग पडू शकतो. म्हणूनच १९६३चा जेल-ओ संच पूर्ण करण्याचा हट्ट मी कोणालाही सुचवणार नाही. कमी पैशांत त्या काळची कार्डे हवी असतील, तर पोस्टची साधी कार्डे घ्यावीत, आणि जेल-ओचे आवडत्या खेळाडूचे एखादेच. वाकडेतिकडे कापलेले कार्ड मला चालते. पण नंतर कोणी पट्टी लावून ‘नीट’ कापलेले कार्ड मी घेत नाही, कारण त्यात उरलीसुरली कडेची रेघही गेलेली असते. अखंड खोका किंवा न कापलेली पट्टी हाती आली, तर तिला कात्री लावण्याचा विचारही करू नये. तिच्यावर पोस्ट की जेल-ओ हे छापलेलेच असते.